पाठ सुटली का फैयाजनं सोडलं
घोडेगावच्या कांदा मार्केटात माझ्या नवऱ्याची, फैयाजची पाठ नावाजलेली. मोठा भाऊ परवेझ आन् ह्यो, अशी हमालांची जोडी. दोघांचा एकच नेम हुता. गोनी एकमेकाकडं देताना घेनारा ‘सोड’ म्हनत न्हाई तवर देनाऱ्यानं बोट ढिलं करायचं न्हाई.

मागल्या उन्हाळ्यात परवेझभाई विहिरीतली मोटर बघायला उतरले आन् पायाखालचा दगड निसटला. फैयाज काठावर पालथा पडला, कमरेपातुर आत लोंबकळत ह्यानं भावाचं मनगट धरलं. मानसं धावत आली तवर हात रिकामा हुता, परवेझभाई पान्यात गेले ते गेलेच.

तवापासून आमच्या घरात परवेझभाईच जास्त ऱ्हातेत, आमी कमी. दुपारी बाजेवर पालथा पडला तरी ह्याचा उजवा हात खाली लोंबतो, मूठ आवळलेली. मी उघडाय जाते, उघडत न्हाई. भ्या वाटतं मला, खोटं कशाला बोलू! आन् जागा झाला की एकच घोकतो, “गौहर, माझी पाठ सुटली का मीच सोडलं?” पाठ दमली आसंल तर अल्लाची मर्जी. भिऊन सोडलं आसंल तर भाभीला तोंड कसं दावायचं? भाभी म्हंजी परवेझभाईंची बायको सबिहा, आमच्याच घरात ऱ्हाती. तिच्या हातचं पानी घेत न्हाई ह्यो.

मग नगराहून मनवा आली, फिजिओथेरपी शिकनारी पोरगी. हमालांच्या पाठी किती दम धरत्यात ते बघायचं हुतं तिला. बाकड्यावर पालथं निजायचं, पाय पट्ट्यांनी बांधायचे आन् कमरेवरचं अंग बाकड्याबाहेर, हवेत सरळ धरायचं. खाली आलं की संपलं. “फुकटात मालिश बी हाय का गं?” हमाल खिदळले.

फैयाज सगळ्यांपेक्षा जास्त टिकला. शेवटी मनवाच बास म्हनली. मार्केटात शाबासकी, आन् घरी आला तो रडतच. “पाठ सुटत न्हाई, गौहर. म्हंजी मीच सोडलं.” कपाळ माझं!

पुढच्या आठवड्यात मार्केटात तीच परीक्षा परत, ह्या खेपी मी बी संगं गेले. शेडातली फरशी नुकतीच धुतलेली, बाकड्याखाली पानी साचलेलं. फैयाजनं खाली बघितलं आन् लगीच कोसळला. दोघा भावांचा तोंडावळा एकच. पान्यात कोन दिसलं ते मला इचारावं लागलं न्हाई.

मनवा गोंधळली. मी तिच्यावरच तापले. “अगं बये, मानूस तोच, बाकडं तेच. मग खरं कोनचं?”

पोरगी खरं बोलली. “गौहरभाभी, मी तेच तपासतेय. पुन्हा केली की ही चाचणी तेच उत्तर देते का? फैयाजभाईंच्या बाबतीत नाही दिलं. पाठीबरोबर मनाचाही दम त्यात येतो. यावरून त्या दिवशीचं काहीच सांगता येणार नाही.”

“म्हंजी मला कदीच कळनार न्हाई?” फैयाजनं इचारलं. ती पट्ट्या गुंडाळाय लागली.

“परत बांध,” ह्यो म्हनला.

नको नको म्हनत तिनं बांधलं. ह्यानं अंग उचललं, डोळे त्या पान्यावर, उजवी मूठ खाली. थरथराय लागला. मनवा “सोडा” म्हनली, मी बोंबलले, ह्याला ऐकूच येईना. आता ह्यो बी जातोय, वाटलं मला.

सबिहा शेजारच्या शेडात कांदा निवडत हुती. माझा आवाज ऐकून पळत आली. त्या पान्यातच बसली आन् ह्याची मूठ दोन्ही हातांत घेतली.

“त्येंना म्हनता आलं न्हाई. मी म्हनते,” ती बोलली. “आता मी धरलंय, फैयाज. सोड.”

बोटं उघडली, मग पाठ खाली आली. सबिहाच्या मांडीवर डोकं ठिवून लई रडला.

संध्याकाळी ह्यानं तिच्याकडं पानी मागितलं. मी चुलीपुढून बघत हुते. तिनं तांब्या पुढं केला, ह्यानं धरला, तरी तिचा हात निघंना.

“धरलाय, भाभी,” ह्यो म्हनला. “सोडा.”