वाचल्याशिवाय पीडीएफ नाही

रविवारी सकाळी नाना गेले. सोमवारी मी झरीहून सोनपेठला पोचले, तेव्हा दुकानाला कुलूप होतं.

एसटी स्टँडजवळच्या त्या दुकानात पूर्वी टायपिंगची मशीन होती, पुढे एक संगणक आला. अर्ज, करारनामा, लग्नपत्रिका, काहीही असो, नाना त्याची पीडीएफ करून द्यायचे. अट एकच. गिऱ्हाइकाने समोर बसून कागद मोठ्याने वाचायचा. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना ते स्वतः वाचून दाखवत, आणि प्रत्येक ओळीला मान हलल्याशिवाय पुढे जात नसत.

"नाना, माझी बस लागलीय," कुणीतरी वैतागायचा.

"लागू द्या. बस दुसरी येती. गेलेला कागद मागं येत न्हाई."

चोरून घातलेलं सॉफ्टवेअर त्यांच्याकडे नव्हतं. जे होतं ते सगळं मोफत मिळणारं. त्याला कुणी 'फुकटचं' म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे. "कुणीतरी राबून केलंय अन् आपल्याला वापरू दिलंय. गावच्या आडाचं पाणी फुकटचं म्हणता का?"

माझे वडील सोनपेठजवळच्या एका गावी शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांवर एक पुस्तक लिहिलं, घरच्या संगणकावर, एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये. ते गेले आणि वर्षभरात संगणकही बंद पडला. माझ्याजवळच्या पेनड्राइव्हमधली फाईल कुठेही उघडली तरी मराठीऐवजी कंस, टिंबं आणि चिन्हं दिसत. परभणीत दोन ठिकाणी मला सांगितलं, नव्याने टाइप करा. पण कशावरून करणार? कागदावर एक ओळही नव्हती.

नानांनी फाईल पाहिली आणि हसले. "ताई, मजकूर जाग्यावर हाय. फॉन्ट घरीच राहिला. मास्तरांच्या संगणकाचा डबा घेऊन या."

त्या बंद संगणकातून त्यांनी तो फॉन्ट शोधून काढला, आपल्या मशीनवर घातला, आणि पडद्यावर वडिलांचं पहिलं वाक्य उभं राहिलं. मी ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले. नाना उठून उगाच पंख्याशी खटपट करत राहिले.

मला लगेच पीडीएफ हवी होती. "पीडीएफमधी अक्षरं कागदासंगंच बांधून जातात, मग कुठंबी उघडा. पर आधी वाचा." असे आठ रविवार आम्ही वाचत बसलो. मधूनमधून नाना म्हणायचे, "मास्तर लय बारीक बघायचे."

सातव्या रविवारी दत्ताचं पान आलं. दत्ता वडिलांचा हुशार विद्यार्थी. कारकुनाच्या जागेसाठी त्याने अर्ज टाइप करून घेतला, त्यात जन्मसाल चुकलं, अर्ज बाद झाला आणि वय निघून गेलं. शेवटी वडिलांनी लिहिलं होतं, 'टाइप करणाऱ्याने एकदा वाचून पाहिलं असतं तर.'

मी पुढचं पान वाचू लागले. नानांनी हात वर केला.

"तो मीच हाय, ताई."

मी पडद्यावरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"दत्ता आता चुडाव्याला शेती करायलाय. भेटला की आजबी चहा पाजतो. मलाच गिळत न्हाई."

"नाना, तुमचं नाव कुठेच नाही. हवं तर एवढा परिच्छेद काढू."

"मास्तरांनी लिवलेलं काढणारे आपण कोण? अन् खोटं काय लिवलंय?" त्यांनी चष्मा पुसला. "वाचा पुढं. अजून लय पानं हाईत."

पुढच्या रविवारी पीडीएफ झाली. त्यांनी ती माझ्या मोबाईलवर उघडून दाखवली, अगदी शेवटच्या पानापर्यंत. नंतर समोरच्या हॉटेलात ओरडून दोन कट सांगितले, आणि तो चहा त्यांनी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत घेतला.

नानांच्या तेराव्याला दत्ता आला होता. त्याने पुस्तक मागितलं. मी ते तिथेच त्याच्या मोबाईलवर पाठवलं. त्याने मंडपाच्या कडेला उभ्या उभ्या आपलं पान शोधून वाचलं आणि म्हणाला, "मास्तरांनी बरं लिवलंय. पर नानाचा अन् माझा चहा लिवायचा राहिला."

पुस्तकाची एकशे चाळीस पानं माझ्याकडे आहेत. सगळी वाचता येतात.