निवड झाली तर काय बोलायचं

वैशाखरे गावच्या भाविका हरड मुरबाडच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवतात. शिकवतात म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतात. हा शब्द ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी देवाचे आभार मानावेत. जूनमध्ये नोकरी लागते, एप्रिलमध्ये सुटते, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच खुर्चीसाठी पुन्हा मुलाखत द्यायची. मॅडमनी अशा आठ मुलाखती दिल्या होत्या. टेबलापलीकडे दरवर्षी तेच प्राचार्य. वर्षभर कॉलेजातल्या प्रत्येक भानगडीला ‘हरड मॅडमना बोलवा’ म्हणणारे हे गृहस्थ त्या दिवशी मात्र चष्मा पुसून, फाईल उघडून विचारायचे, ‘हं, स्वतःबद्दल थोडं सांगा.’ आणि मॅडमही, आजच पहिल्यांदा मुरबाडच्या स्टँडवर उतरल्यासारखं, नाव-गाव-शिक्षण सांगायच्या.

आठ मुलाखती देऊन जिची नोकरी जागची हलली नाही, तिच्याहून मुलाखतीची जाणकार कोण असणार? असाच काहीसा विचार करून प्राचार्यांनी त्यांना प्लेसमेंट सेलचं प्रमुख केलं. सेलला खोली दिली ती खेळाच्या सामानाची. दारावर नवी पाटी, आत दोन फुटके कॅरम बोर्ड आणि हवा गेलेला व्हॉलीबॉल. मानधन काही नव्हतं. मान होता, आणि तोही बाहेरच्या पाहुण्यांसमोरच.

डिसेंबरात प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. जानेवारीत आसनगावला करिअर मेळावा होता. पंधरा कंपन्या, आठ कॉलेजं, जागेवर मुलाखत आणि जागेवर नोकरी. ‘उन्हाळ्यात मूल्यांकन समिती येतेय, मॅडम. प्लेसमेंटचा आकडा दोन अंकी पाहिजे. दहा तरी. नाहीतर जूनमध्ये मला तुमच्याबाबत मॅनेजमेंटला काय सांगायचं, सांगा बरं?’ हे ते इतक्या प्रेमाने म्हणाले की धमकी असल्याचं मॅडमच्या जिना उतरताना लक्षात आलं. घरी आई होती, तिची औषधं होती, आणि छत्तिसाव्या वर्षी दुसरीकडे कुठे शून्यापासून सुरुवात करायची, हा प्रश्न होता.

तयारीला एकतीस पोरं आली. आता या भागातली पोरं म्हणजे कामाला वाघ. लावणीला पहाटे उतरतील, लग्नाच्या दोनशे पंगती उठवतील. पण मोठ्या माणसासमोर खुर्चीवर बसा म्हटलं की त्यांचा जीव कासावीस होतो. पहिल्या दिवशी मॅडम साहेब झाल्या आणि म्हणाल्या, ‘बसा.’ आदेश नावाचा पोरगा दाराला चिकटून म्हणाला, ‘असूद्या मॅडम, उभाच बरा हाये.’ पाणी घेणार का विचारलं तर सगळ्यांचं उत्तर ‘नको’. घसा कोरडा पडून आवाज फुटत नव्हता, तरी नको. आपल्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर कुणी हो म्हणत नाही. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा यजमान रागावला की घ्यायचं. मेळाव्याला येणारा कंपनीचा साहेब तिसऱ्यांदा विचारायला बसणार नव्हता. म्हणून मॅडमनी खास एक अख्खा दिवस बसण्यावर आणि पाण्यावर घालवला.

मग टाय. सतरा मुलगे आणि टाय सहा, तेही एका इंग्रजी शाळेच्या गणवेशातले, इलॅस्टिकचे. मग हस्तांदोलन. ते शिकवताना पोरींच्या बाजूने जे खिदळणं सुरू झालं ते चहापर्यंत थांबलं नाही. मग एक्केचाळीस प्रश्नांची उत्तरं, टाईप करून, झेरॉक्स काढून. छंद सगळ्यांचा एकच, वाचन. आजवर कुणी वाचनालयाची पायरी चढलेलं नव्हतं. पण ‘नदीत खेकडे धरणे’ असं लिहून कोण नोकरी देणार होतं?

‘तुमच्यातली उणीव कोणती?’ मॅडमनी विचारलं.

‘मी उशिरा उठतो,’ आदेश म्हणाला.

‘अरे, तसं नाही सांगायचं. सांगायचं, मी कामात इतका गुंततो की वेळेचं भान राहत नाही.’

आदेशने मनापासून विचार केला. ‘पण मॅडम, मी खरंच उशिरा उठतो.’

अक्षदा मात्र वेगळी होती. म्हशाजवळच्या पाड्यावरची ही पोर सगळ्यांत मागे बसून सगळ्यांच्या आधी उत्तर पाठ करायची. एका बँकेच्या क्लार्कच्या भरतीची पहिली परीक्षा ती पास झाली होती. मुख्य परीक्षा मार्चमध्ये होती. मॅडमना ते ठाऊक होतं, कारण तिचा फॉर्म त्यांनीच भरून दिला होता. मेळाव्याला ती येत होती ती सरावापुरती, असं तिचंच म्हणणं.

शेवटच्या दिवशी प्राचार्य मार्गदर्शनाला आले. जपानी माणूस किती मेहनती असतो यावर सव्वा तास बोलले आणि फोटो काढून गेले.

मेळावा आसनगावच्या एका मंगल कार्यालयात होता. स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नाचा मांडव तसाच. ‘शुभविवाह’ या अक्षरांवर मेळाव्याचा फलक टांगला होता, पण दोन्ही बाजूंनी ‘शु’ आणि ‘ह’ डोकावत होते. उद्घाटन दहाचं होतं ते बाराला झालं. मग सत्कार, मग ज्यांचा सत्कार झाला त्यांनी केलेला सत्कार. तरुणांनी नोकऱ्यांमागे धावू नये, असं प्रमुख पाहुण्यांनी नोकरी मागायला आलेल्या सहाशे तरुणांना ठणकावून सांगितलं आणि जेवायला गेले. पोरं किन्हवलीच्या रस्त्याने टेम्पोतून सकाळी सातला निघालेली. टायचं इलॅस्टिक एव्हाना गळ्यात रुतलं होतं.

दोनला मुलाखती सुरू झाल्या. भिवंडीकडच्या एका गोदामवाल्या कंपनीला माणसं हवी होती, तिने मुरबाडची पोरंही बोलावली. मुलाखत नवरीच्या खोलीत. एकेक जण आत जाई आणि फुलून बाहेर येई. ‘मॅडम, मस्त झाला! बसलो. पाणीबी पिलो!’ आदेश तर दोन ग्लास पिऊन आला होता. मॅडमनी वहीत बरोबरच्या खुणा केल्या. पंधरा तरी लागतील असा त्यांचा अंदाज होता. जूनच्या नावाने आठ वर्षं छातीवर असलेलं ओझं त्या दिवशी पहिल्यांदा हलल्यासारखं वाटलं.

पाचला यादी लागली. शहापूरची पोरं होती, कल्याणची होती. मुरबाडचं एकही नाव नव्हतं.

मॅडम तडक नवरीच्या खोलीत गेल्या. आत कंपनीचा तरुण साहेब लॅपटॉप आवरत होता. त्याने बसायला सांगितलं. मॅडम उभ्याच राहिल्या.

‘तुमचीच मुलं होती का? सगळ्यांत चांगली तयारी त्यांची,’ तो म्हणाला. ‘तेरा मला पसंत होती. पण त्यांनाच नोकरी नकोय.’

‘नकोय? कोण म्हणालं?’

त्याने कागद फिरवला. तेरा नावांपुढे एकच शेरा, इच्छुक नाही. ‘मी प्रत्येकाला विचारलं, तुझी निवड झालीय, सोमवारपासून येणार का? तेराच्या तेरा जणांनी एकच उत्तर दिलं. घरी विचारून सांगतो. घरी विचारून सांगते. मला वाटलं, हेही तुम्हीच पाठ करून घेतलंय.’

आता मॅडम खुर्चीवर बसल्या. पोरांचं काहीच चुकलं नव्हतं. सोयरीक आली तरी इथे कुणी बैठकीत हो म्हणत नाही. बैल आवडला तरी तीन दिवस त्याच्याभोवती फिरून, घरी बोलून मगच त्याचा दोर हातात घेतात. मोठ्यांना न विचारता हो म्हणणारा माणूस उल्लू समजला जातो. पोरांनी चांगल्या घरचं उत्तर दिलं होतं. चूक मॅडमची होती, आणि ती कशी झाली हे कळल्यावर त्यांना त्या साहेबासमोर रडू आलं. एक्केचाळीस प्रश्न काढले. नाकारलं तर आभार कसे मानायचे हेसुद्धा शिकवलं. निवड झाली तर काय बोलायचं, हे शिकवलंच नाही. ते त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना स्वतःला तरी कुणी कधी धडपणे ‘तुमची निवड झाली’ असं म्हटलं होतं? जूनमध्ये फक्त वेळापत्रक हातात मिळायचं.

‘यादी बंद कधी होते?’ त्यांनी डोळे पुसून विचारलं.

‘सहाला.’

‘मग आम्ही सहापर्यंत घरी विचारतो.’

मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांवर तेरा पोरं तेरा फोन कानाला लावून बसली. कुणाचा बाप रेंजबाहेर, कुणाची आई शेजारणीला फोन देऊन स्वतः शेतात. आणि जिथे लागला तिथे पलीकडून एकच सवाल येत होता, ‘मॅडम काय म्हणतात?’ आदेशच्या आईने तर लेकाला बोलूच दिलं नाही. ‘मॅडमना दे फोन. मॅडम, तुमी हायेत ना? मंग आमाला काय इचारता?’ मॅडम हो म्हणत गेल्या. काम उभं राहून होतं, लांब होतं, पण कंपनीची बस मुरबाडहून होती आणि घरी बसण्यापेक्षा ते बरं होतं. पावणेसहाला नऊ नावं झाली. दोघांचे फोन लागले नाहीत, पूजा म्हणून एक पोरगी होती तिच्या बापाने लांबचं काम म्हणून साफ नाही सांगितलं. उरली अक्षदा.

तिचे वडील कोंडू म्हशाच्या जत्रेत होते. फोनवर बैलांच्या घुंगरांचा आणि पाळण्याच्या भोंग्याचा कालवा. ‘मॅडम, तुमी सांगाल तसं,’ ते ओरडून म्हणाले. ‘तुमच्याहून जास्ती आमाला काय कळतं? हो म्हणा नायतर नाय म्हणा, आमचं काय नाय.’

मॅडमनी फोन परत दिला. कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं, पहिले चार महिने रजा नाही. मार्च त्यातच येत होता. अक्षदाने ते वाचलं होतं.

‘मी सही करते मॅडम,’ ती म्हणाली. ‘दहा होतील. नायतर तुमचं...’ आकड्याची गोष्ट पोरांना कुणी सांगितली, देव जाणे. कॉलेजात भिंतींना कान असतात आणि शिपायांना तोंड.

मॅडमना मोह झाला. नाही कशाला म्हणायचं? एक सही. बँकेची परीक्षा पुढच्या वर्षीही येईल, पोरगी हुशार आहे, बाप अडवत नाही. हे सगळं त्यांनी मनात पटापट मांडलं, आणि पेन अक्षदाच्या हातात असताना त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

‘नाही करायची,’ त्या म्हणाल्या.

‘पण मॅडम...’

‘नाही म्हटलं ना! मार्चपर्यंत मला मुलाखतीच्या खोलीच्या आसपास दिसलीस तर तंगडं मोडीन.’

त्यांनी नऊ नावांचा कागद आत नेऊन दिला. परतीच्या टेम्पोत पोरं गाणी म्हणत होती. आदेशचा टाय आता कपाळाला बांधलेला होता. सरळगावच्या अलीकडे प्राचार्यांचा फोन आला.

‘किती झाले, मॅडम?’

‘नऊ, सर.’

‘अरेरे. एकानेच गेलं की हो! दहावं कुणी मिळतच नव्हतं का?’

मिळत नव्हतं म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. प्राचार्यांनी चुचकारलं असतं, आकडा कसातरी फुगवला असता. मॅडमनी समोर पाहिलं. अक्षदा खिडकीशी बसून मोबाईलवर गणितं सोडवत होती.

‘मिळत होती, सर,’ त्या म्हणाल्या. ‘मीच तिला नको म्हटलं.’