सगुणाकाकूंचा कुरडू

सगुणाकाकू रस्त्यात भेटल्या की रामराम-बिमराम काही नाही. थेट नाकाखाली फूल यायचं आणि प्रश्न, "याले तेलुगूत काय म्हन्तेत व?" मी वांकिडी गावात नुकतीच आलेली सून, त्यांची शेजारीण, तेलुगू कुठून आणू? पण काकू पोस्टमनलाही सोडत नसत.

त्यांना घाई होती. राज्यांची वाटणी झाली आणि आमचा जिल्हा आंध्राकडे गेला. काकूंचे हार-गजरे घेणारी कचेरीतली जुनी मराठी बिऱ्हाडं बदलून गेली, नवी आली ती तेलुगू बोलणारी. काकूंचे यजमान शामराव पलीकडे मराठी मुलखात, चांद्याला भावाकडे जायचं घेऊन बसले. "दसऱ्यापर्यंत पाहू. नाही जमलं तर मळा विकून टाकू." काकूंनी विहिरीचं पाणी ओढून ओढून तो मळा उभा केला होता. जीव तुटत होता त्यांचा. म्हणाल्या, "भाषाच शिकाची आहे ना जी? एक एक फूल शिकतो मी."

झेंडू म्हणजे बंती, शेवंती म्हणजे चामंती. भाकरी थापतानाही त्यांचं हेच चालायचं.

नवरात्राच्या सुमारास नव्या कारकुनाची बायको लक्ष्मम्मा हिने बतुकम्मासाठी फुलं सांगितली. तेलुगू बायका ताटात फुलांची उतरंड रचतात आणि तिलाच देवी मानून तिच्याभोवती फेर धरतात, तो हा सण. काकूंनी माळिणीच्या सवयीने देठ खुडून झेंडूचे घट्ट हार ओवून नेले. लक्ष्मम्मा गोंधळली. "हार नहीं, अक्का. खुले फूल. और गुनुगू होना, गुनुगू!"

हे नाव काकूंनी ऐकलंच नव्हतं. माझ्या उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडल्या. "माह्या मळ्यात नाही असं कोनतं फूल व हे? आता जा लागते चांद्याले."

दुसऱ्या दिवशी लक्ष्मम्माच मळ्यावर आली. फुलांचे वाफे ओलांडून सरळ कपाशीच्या बांधाशी गेली आणि बोट दाखवलं. पांढरे-गुलाबी तुरे. कुरडू! आम्ही जन्मभर उपटून फेकतो ते तण. आणि शामराव वाकून तेच उपटत होते.

"अजी, थांबा! उपटू नोका!" काकू लुगडं सावरत धावल्या. "गुनुगू आहे तो!"

"याड लागलं काय तुले? तन आहे ते."

"तुमचं तन, त्याह्यची देवी हाये!"

संध्याकाळी कचेरीकडच्या बायका टोपल्या घेऊन आल्या. झेंडूचे हारही सोडवून उतरंडीत गेले. फेरात काकूंच्या टाळ्या भलत्याच वेळी पडत होत्या आणि त्या खुशाल हसत होत्या. रोजचे गजरेही त्या बायकांनी तिथेच सांगून ठेवले. चांद्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढे दरवर्षी बांधालगत कुरडूची एक पट्टी राखलेली असे. लोक शामरावांना चिडवत, "काऊन जी, तन पिकवून राह्यले?" ते पट्टी सोडून बाकीचं निंदत राहत.

बऱ्याच वर्षांनी काकू गेल्या. त्या पावसाळ्यात निंदायला आलेल्या नव्या गड्याने त्या पट्टीला हात घातला, तेव्हा माझ्या अंगणापर्यंत शामरावांचा आवाज आला.

"उपटू नोको रे! गुनुगू आहे तो!"