पानाची मागची बाजू

जपानी मावशी म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, बाई जपानची. छे हो! साठी उलटेपर्यंत जपान तिने पाहिला तो फोटोंमध्ये, तेही जुन्या कागदांच्या. विद्यापीठाच्या तळमजल्यावरच्या अरुंद खोलीत बसून तिने पस्तीस वर्षं एका जपानी मठाची आठशे वर्षांपूर्वीची दफ्तरं वाचली. कुठल्या साली मठाधिपती कोण, हे तोंडपाठ. स्वतःचा चष्मा कुठे, ते मात्र भाचीला विचारायचं.

त्या काळी कागद दुर्मीळ. म्हणून आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठीवर मठातले लोक आपल्या नोंदी लिहीत. अशाच एका पानाच्या फोटोत मावशीला मागची शाई पुसटशी उमटलेली दिसली. आरसा धरून तिने अक्षरं लावली. मठात धाडलेल्या मुलाला आईने लिहिलं होतं, ‘तू गेल्यापासून मी रोज…’ पुढचं काही दिसेना.

रोज काय? रडते? वाट बघते? की शिव्या घालते मेल्याला? त्या ओळीने मावशीला पार वेड लावलं. जायचं आणि पान उलटून बघायचं, बस्स. पण आधी वडील अंथरुणाला खिळले, मग आई. विभागप्रमुख तर दरवेळी “पुढच्या वर्षी बघू” म्हणून तोंडाला पानं पुसायचे.

अखेर निवृत्तीनंतर, एकसष्टाव्या वर्षी, ती जपानला गेली एकदाची.

तिथल्या संग्रहालयातल्या अधिकाऱ्याने पान समोर ठेवलं. मावशीने ते उलटलं. मागे पांढराफेक नवा कागद, घट्ट चिकटवलेला.

“अस्तर लावलंय,” तो कौतुकाने म्हणाला. “कडा झडताहेत, काहीतरी करा, असं वीस वर्षांपूर्वी आपणच कळवलं होतंत. आपल्यामुळे टिकलं हे.”

कळवलं होतं खरं! काळजीपोटी, चांगलं दोन पानी पत्र. मागची बाजू झाकू नका, एवढंच लिहायचं राहिलं बाईसाहेबांचं!

“मागच्या बाजूचा फोटो?”

“तेव्हा मागे कुणी बघत नसे.”

“अस्तर काढता येईल?”

“आपण म्हणालात तर अर्ज करू. पण पान धड राहील याची खात्री नाही.”

पत्र लिहिणारी ती आई त्या अस्तरापलीकडेच होती, आणि मावशीचा जीव तिच्यासाठी तुटत होता.

“नको,” ती म्हणाली. “असू दे. पुढे कुणाला तरी जमेल.”

अधिकाऱ्याने पान उचलून पेटीत ठेवलं, तेव्हा मात्र तिला रडू आवरलं नाही.