'तळ'ची शेवटची कॅसेट

कडुबाला चिमण्या ऐकू येईनाशा झाल्या तेव्हा त्याला वाटलं, चिमण्याच गेल्या असतील. २०१३चा उन्हाळा होता. मुकुंदवाडीत नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं, तेही तासभर. माणसांचे हाल होते तिथे पाखरं कशाला थांबतील, असं त्यानं मनाशी धरलं. मग एके सकाळी समोरच्या पत्र्यावर सात-आठ चिमण्या बसलेल्या दिसल्या. त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या. आवाज कुठेच नव्हता.

त्यानंतर कुकरची शिट्टी गेली. मग पोरीच्या फोनची रिंग. माणसांचं बोलणं येत होतं, ट्रक येत होते, दार आपटलेलं कळत होतं. जात होते ते फक्त बारीक, धारदार आवाज, एकामागून एक, कुणी खालून झिजवत यावं तसे.

कडुबानं हे कुणाला सांगितलं नाही. बायकोला, केसरबाईला, कळलं ते टँकरमुळे. टँकरवाला गल्लीच्या तोंडाशी चिरका भोंगा वाजवायचा आणि दहा मिनिटांत निघून जायचा. तिनं भांडी घासता घासता नवऱ्याला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. तो दारात खुर्ची टाकून बसला होता.

"ओ, टँकर येऊन गेला! बसल्या जागी झोपले व्हते काय?"

"जागाच हाय मी."

"मग?"

तिनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि रिकामी घागर आत नेली.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत तो तेवीस वर्षं प्रेसवर होता. पत्रा सरकवायचा, पाय दाबायचा, धाड. मिनिटाला वीस वेळा. कानात घालायला नारिंगी बोळे मिळायचे, पण उन्हाळ्यात त्यांच्याखाली घाम साचून खाज सुटते म्हणून सगळे ते खिशात ठेवायचे. दर मार्चमध्ये कंपनीत तपासणीची गाडी यायची. काचेच्या खोक्यात बसायचं, हेडफोन लावायचा, आवाज आला की बटण दाबायचं. कडुबा काचेतून बाहेरच्या बाईचा हात बघायचा. तिनं बोट दाबलं की हाही दाबायचा. तीन वर्षं तो असा पास झाला. नापास झालेल्यांना कंपनी प्रेसवरून काढून झाडूवर लावत होती, आणि शेंद्र्याच्या नव्या प्लांटमध्ये त्यांना जागा नव्हती.

पण त्याला नोकरीपेक्षा शुक्रवारची भीती जास्त वाटायची.

शुक्रवार म्हणजे एमआयडीसीची सुटी. जुम्म्याची नमाज आटोपून तन्वीर परत आला की त्याच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं असायचं आणि आत तिघं बसलेले असायचे. तन्वीर, खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारा शंतनू, आणि कडुबा. विषय एकच, 'फाटक'.

'फाटक' हा या शहरातला रॉक बँड. रेल्वे फाटकाजवळच्या खोलीत जमायचे म्हणून ते नाव. बाहेरच्या लोकांना ते एखाद्या डॉक्टरचं आडनाव वाटायचं. सिनेमातलं गाणं नाही, भावगीत नाही, इंग्रजीची नक्कलही नाही. मराठीत दख्खनी मिसळून, गिटार खरवडत, कमी चालींत गायलेली गाणी. तीन अल्बम. २००० साली 'गच्ची', पुढच्या वर्षी 'बायपास', आणि २००३च्या दुष्काळात 'तळ'. तिसऱ्याच्या फक्त वीस कॅसेट निघाल्या. मग दोघं परदेशी गेले. ड्रमवाला सर्जेराव शेंद्र्याकडे प्लॉट विकायला लागला. गाणारा दाऊद २००९ साली जालना रोडवर ट्रकखाली गेला. राहिलं ते शंतनूनं काढलेलं फेसबुकचं पान आणि त्यावरचे तीनशे बारा लोक.

या लोकांमध्ये कडुबाला मान होता, कारण बँडचं रेकॉर्डिंग त्याच्या प्रेसच्या शेजारच्या रिकाम्या शेडमध्ये झालं होतं. 'गच्ची'च्या प्रत्येक गाण्यात मागे जी खोल धाड ऐकू येते ती ड्रम नाही, ती कडुबाची प्रेस. त्याची पाळी सुटली की तो शेडच्या दारात उभा राहायचा. वीस कॅसेटपैकी एक त्याला मिळालीही होती, ती वाजवून वाजवून टेपरेकॉर्डरनं खाल्ली. पुढे शंतनूला कुठल्याही गाण्याबद्दल शंका आली की तो म्हणायचा, "थांबा, कानाला विचारू." कान म्हणजे कडुबा.

"'गच्ची'सारखं पुन्हा झालं नाही," तन्वीर दर शुक्रवारी म्हणायचा.

"'गच्ची' कच्चा आहे," शंतनू म्हणायचा. "'बायपास'मध्ये ते बँड झाले. त्याआधी चार पोरं आणि एक शेड."

"सर, तुमको तो पिकलेलाच आंबा चाहिये. कैरी खाऊन बघा कधी. कडुबाभाऊ, बोला याला."

"'तळ'," कडुबा म्हणायचा.

"जो कुणापाशी नाय तोच यांना आवडतो!" तन्वीर म्हणायचा.

"मी ऐकलाय ना पर. उभं ऱ्हाऊन."

यावर दोघांचं काही चालायचं नाही, कारण त्यांनी ऐकला नव्हता. 'तळ'बद्दलचं सगळं बोलणं कडुबाच्या आठवणीवर चालायचं. विहिरीतला गाळ काढायला उतरलेल्या माणसाची ती गाणी होती. तो वरच्यांना हाका मारतो. आधी वरून उत्तर येतं, मग उशिरा येतं, मग येत नाही. शेवटच्या गाण्यात दोर हलतो, पण ओढणारं कोण ते कळत नाही. कडुबा सांगायला लागला की तन्वीरच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबायचा.

२०१६च्या एप्रिलमध्ये 'तळ'ची कॅसेट सापडली. जायकवाडी धरण तळाला गेलं होतं. शहराच्या पूर्वेला जिथे बघावं तिथे इमारती चढत होत्या आणि त्यांच्या पायथ्याशी बोअरची मशिनं रात्रंदिवस जमीन भोसकत होती. सातशे फुटांवरून पांढरी धूळ वर यायची, ओल नाही. सर्जेरावाच्या पत्र्याच्या ऑफिसात, जुन्या नकाशांच्या डब्यात ती कॅसेट तेरा उन्हाळे भाजत पडलेली होती. त्यानं शंतनूला फोन केला, "घेऊन जा बाबा, मला काय करायचंय."

तन्वीरनं ती उजेडात धरली. टेपच्या कडा कुरळ्या झाल्या होत्या. बोट लावलं तर तपकिरी भुकटी निघाली.

"एकदाच वाजेल ही," तो म्हणाला. "एकदा वाजवायची, तेवढ्यात कॉम्प्युटरवर घ्यायची. दुसरी बारी नाही."

कॅसेट अशी उतरवून घेताना एक काम कानानं करावं लागतं. टेपवरून आवाज उचलणाऱ्या हेडला बाजूला एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट भरताना हेड जितकं तिरकं होतं तितकंच आपलं करायचं. स्क्रू चुकला तर गाणं वाजतं, पण गोधडीआडून आल्यासारखं. बरोबर बसला की बारीक आवाज उघडतात. तारेवरचं नख, गाणाऱ्याचा 'स'. शुक्रवारच्या बैठकीत ठरलेलं होतं: तन्वीर स्क्रू फिरवणार, कडुबा 'बस' म्हणणार. गेली दोन-तीन वर्षं कडुबा तन्वीरच्या भुवया बघूनच 'बस' म्हणत होता. आवाज उघडला की तन्वीरच्या भुवया नकळत वर जायच्या. स्पीकरवर दोघंही ऐकत असल्यानं हे कुणाला कळलं नव्हतं.

त्या शुक्रवारी शंतनूला परीक्षेची ड्यूटी होती. आदल्या संध्याकाळी व्होल्टेज वाढून तन्वीरच्या स्पीकरचा अॅम्प्लिफायर जळाला होता. हेडफोन एकच.

"घाला तुम्ही," तन्वीर म्हणाला. "तुम्हीच ऐकलाय ना, उभं राहून."

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यानं हेडफोन घातला.

टेप फिरायला लागली. दाऊदचा आवाज आला, तेरा वर्षांनी. जाड, जवळचा. कडुबाचे डोळे भरून आले. तन्वीरनं स्क्रू ड्रायव्हर लावला आणि मान वर करून त्याच्या चेहऱ्याकडे बघायला लागला. कडुबा तन्वीरच्या भुवयांकडे बघत होता. भुवया हलत नव्हत्या. स्क्रू फिरत होता. कडुबाला स्क्रूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं सारखंच ऐकू येत होतं. टेप सरकत होती, भुकटी झडत होती. कधीतरी तन्वीरनं डोळे बारीक केले, बहुधा उकाड्यानं.

"बस," कडुबा म्हणाला.

दोन्ही बाजू मिळून अडतीस मिनिटं. शेवटच्या गाण्याच्या शेवटी टेप तुटली आणि चाकाला गुंडाळली गेली. तन्वीरनं चिमट्यानं ती सोडवली. वरचा थर सोलून चिमट्यालाच चिकटला. हातात पारदर्शक फीत राहिली. मग त्यानं हेडफोन लावून कॉम्प्युटरवरची फाईल ऐकली.

"दबका वाटतो जरा," तो म्हणाला.

कडुबा त्याच्या ओठांकडे बघत होता; हल्ली बोलणंही त्याला अर्धं ओठांवरूनच कळायचं.

"पण तुम्ही बस म्हणाले ना, मग असाच असेल. शेडमध्येच भरलेला."

पुढच्या आठवड्यात शंतनूनं 'तळ' पानावर टाकला. तीनशे बाराचे दोन हजार झाले. पुण्याहून, बंगळुरूहून, कुठून कुठून लोक लिहायला लागले. हा आवाज त्या काळाच्या पुढचा होता, असं एकानं लिहिलं. दुसऱ्यानं लिहिलं की हेडफोन लावून ऐकताना त्याचा श्वास कोंडला आणि त्याला उठून खिडकी उघडावी लागली. शंतनूनं तीन रात्री बसून लांबलचक लेख लिहिला, आणि शुक्रवारी दुकानात फोनवरून मोठ्यानं वाचून दाखवला. कडुबा त्याच्या अगदी समोर बसला होता.

"'गच्ची' उघड्यावरचा अल्बम होता, 'बायपास' रस्त्यावरचा. 'तळ'मध्ये मात्र 'फाटक'नं ऐकणाऱ्यालाच विहिरीत उतरवलं. वरचे सगळे आवाज त्यांनी काढून टाकले. अख्ख्या अल्बममध्ये झांज नाही. एकदाही नाही. धातूचा आवाजच ऐकू येत नाही. मराठीतल्या रॉकला हा..."

"हाय की," कडुबा म्हणाला.

"काय?"

"झांज. सर्जेरावाची जुनी तडकली व्हती. मी त्याला पितळी पत्र्याचा तुकडा गोल कापून दिला, ठोकून दिला. माझ्या प्रेसवर. चिर्रर्र करायची. लई वाजवलीय त्यानं ती, सगळ्या गाण्यात."

शंतनूनं फोन खाली ठेवला. "फाईलमध्ये नाहीये, कडुबाभाऊ."

"नाय कशी?"

तन्वीरनं फाईल लावली. नवा स्पीकर आला होता. दाऊद गात होता. कडुबानं मान वाकडी करून ऐकलं, दोघांच्या तोंडाकडे पाहिलं.

"मला नाय येत ऐकू," तो म्हणाला. "पर मला वाटलं, तुम्हाला येत असंल."

बाहेरून बोअरच्या गाडीचा घणाघात येत होता. तेवढा तिघांनाही येत होता.

"मतलब?" तन्वीर म्हणाला.

कडुबानं सांगितलं. चिमण्यांपासून. तपासणीच्या गाडीतल्या बाईच्या हातासकट. बोलताना तो खाली बघत होता, त्यामुळे मध्ये कुणी काही विचारलं असेल तर त्याला कळलं नाही.

"त्या दिवशी बस कशावरून बोलले मग?" तन्वीरनं त्याच्या गुडघ्याला हात लावून, समोर येऊन विचारलं.

"तुमच्या तोंडाकडं बघून."

"मैं तो तुमच्या तोंडाकडं बघत होतो, भाऊ."

शंतनूनं सर्जेरावाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "दादा, 'तळ'मध्ये झांज होती ना? पितळेची, कापून केलेली?"

"झांज?" पलीकडे वारा वाजत होता. "असंल बुवा. आठवत नाय आता. तुमी प्लॉट बघायला कधी येता? बिडकीनची नवी एमआयडीसी लागली की रेट हातात ऱ्हायचे नाय."

फोन बंद झाल्यावर शंतनू म्हणाला, "लेख काढून टाकतो." त्यानं तो काढला नाही. खाली चारशे लोकांनी लिहिलेलं होतं. तो नुसता फोनवर बोट धरून बसला.

तन्वीर चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, असं कडुबाला वाटलं. तन्वीरनं उठून शटर पूर्ण खाली ओढलं, कागद घेतला, शंतनूच्या हातात पेन दिलं.

"झांज तुम्हाला याद आहे ना?"

"हाय. एकूण एक."

"मग असं करू. मी फाईल लावतो. जिथं झांज पडायची तिथं बोट वर करा. सर मिनिट-सेकंद लिहून घेतील. गेलं ते गेलं, निदान कुठं होती ते तर लिहून राहील."

कडुबा सावरून बसला. त्यानं डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडा उजेड आला. पहिलं गाणं सुरू झालं आणि तर्जनी उठली, अगदी ठामपणे. पुन्हा उठली. शंतनू लिहीत गेला. पाच गाण्यांत एकोणचाळीस जागा झाल्या. शेवटच्या गाण्यात दोर हलतो तिथे त्याचं बोट वर राहिलं ते बराच वेळ खाली आलं नाही.

"एकदा ताळा करू," शंतनू म्हणाला.

तन्वीरनं फाईल पुन्हा पहिल्यापासून लावली. कडुबानं पुन्हा डोळे मिटले. शंतनूनं कागदावर पेनाचं टोक ठेवलं. पहिली जागा आली तेव्हा बोट मांडीवरच होतं. चार सेकंदांनी ते उठलं. दुसऱ्या जागेला उठलंच नाही. मग जिथे आधी काहीच नव्हतं तिथे लागोपाठ तीनदा उठलं, तितक्याच ठामपणे.

शंतनूनं तन्वीरकडे पाहिलं. तन्वीरनं 'सांगू नका' अशी हळूच मान हलवली. शंतनूनं पेन उचललं, कागदापासून थोडं वर धरलं आणि तो ते लिहिल्यासारखं हवेत हलवत राहिला. कडुबाचे डोळे अजून मिटलेले होते, आणि बोट उठत होतं.