चौथ्या मजल्यावरचे टॉवेल

एउलालिया ब्राकामोंते फीनिक्सजवळच्या टेंपी शहरातल्या एका सहा मजली हॉटेलात एकोणीस वर्षं खोल्या आवरत होती. तिसरा मजला तिचा. तिच्या वरचा, चौथा मजला, नेरेइदाचा. नेरेइदा सीमेपलीकडच्या सोनोरातून नवीन आली तेव्हा तिला चादरीचे कोपरे कसे दाबायचे, गाडीत काय खाली नि काय वर ठेवायचं, हे एउलालियानंच हाताला धरून शिकवलं होतं. तेव्हापासून ती हिला ताई म्हणायची.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर विद्यापीठातून मेरेडिथ नावाची एक मुलगी आली. पाणी वाचवण्यावर तिचा काही अभ्यास चालला होता. प्रत्येक न्हाणीघरात तिनं एकेक कार्ड लावलं आणि आवरणाऱ्या बायकांना एवढंच सांगितलं, की पाहुण्यानं किती टॉवेल पुन्हा वापरायला दांडीवर टांगले आणि किती धुवायला जमिनीवर टाकले, ते रोज कागदावर लिहायचं. कशासाठी ते अभ्यास संपल्यावर सांगेन म्हणाली.

पंधरा दिवसांत फरक दिसायला लागला. एउलालियाची गाडी दुपारपर्यंत ओल्या टॉवेलांनी ओसंडायची. नेरेइदाची अर्धीसुद्धा भरायची नाही. ती दोन वाजता सगळं आटपून खाली जेवणघरात फराळ करत बसलेली असायची, आणि एउलालिया अजून तीनशे अठरा नंबरच्या खोलीत वाकलेली. मुकादम ड्वेनच्या हातात ते कागद पडले. त्याला अभ्यासाचं काही कळत नव्हतं, पण आकडे कळत होते. त्यानं नेरेइदाचा फोटो काढला आणि हजेरीच्या घड्याळाशेजारी लावला. खाली लिहिलं, महिन्याची उत्तम कामगार.

एकोणीस वर्षांत एउलालियाचा फोटो तिथं कधी लागला नव्हता. रोज सकाळी हजेरी लावताना तो हसरा चेहरा समोर यायचा आणि ती मान फिरवून गाडीकडे निघायची. नेरेइदाला इंग्रजी चांगलं येत होतं, ती पाहुण्यांशी दोन शब्द बोलायची. तिच्या प्रेमाखातर लोक टॉवेल जपून ठेवतात, असं एउलालियानं मनाशी घेतलं. मग तीही पदरच्या चॉकलेटच्या वड्या उशीवर ठेवू लागली. पाहुण्यांनी चॉकलेटं खाल्ली आणि टॉवेल जमिनीवर टाकले.

जूनमध्ये नेरेइदाच्या सुट्टीच्या दिवशी चौथा मजला एउलालियाकडे आला. पहिल्याच न्हाणीघरात आरसा पुसताना तिची नजर कार्डावर गेली. तिच्या मजल्यावरच्या कार्डावर होतं, ‘पृथ्वी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा.’ इथलं वेगळंच होतं. अक्षरं जुळवत तिनं वाचलं: ‘या खोलीत राहून गेलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरले. तुम्हीही वापरा.’

ती टबाच्या कडेवर बसली. म्हणजे लाडकीला चांगली कार्डं दिली होती. आपल्याला उरलीसुरली. एवढंच तिच्या डोक्यात आलं. संध्याकाळी घरी जायच्या आधी तिनं बावीसच्या बावीस खोल्यांतली कार्डं काढून तिसऱ्या मजल्यावर लावली, आणि आपली वर.

आठवड्यात वारं फिरलं. एउलालियाची गाडी हलकी झाली. ड्वेननं तिची पाठ थोपटली. नेरेइदाला मात्र कोपऱ्यात घेऊन विचारलं, हल्ली लक्ष कुठं असतं.

दुसऱ्या दिवशी नेरेइदा साबण घ्यायच्या निमित्तानं खाली आली. डोळे सुजलेले होते.

“ताई, तूच शिकवलंस मला. खरं सांग, माझं काय चुकतंय?”

तोंडाशी आलेलं सांगून टाकायचं सोडून एउलालिया म्हणाली, “पाहुण्यांशी कमी बोल. कामाकडे बघ.”

नेरेइदानं मान हलवली. त्या दिवसापासून ती खरंच कुणाशी बोलेनाशी झाली. एउलालियाला ते दिसत होतं. तरी वरच्या मजल्यावर तिची भरलेली गाडी वाजली की हिला बरं वाटायचं. बरं वाटतं, याची लाज नंतर वाटायची.

जुलैत मेरेडिथ तपासायला आली आणि कार्डांची अदलाबदल बघून चक्रावली. तिनं बायकांना जेवणघरात बोलावलं. जे शेवटी सांगायचं ते तिला आताच सांगावं लागलं. पृथ्वीचं नाव घेतलं तर लोक फारसे ऐकत नाहीत, पण आपल्यासारख्याच दुसऱ्यांनी केलंय म्हटलं की करतात, हे तिला ताडून बघायचं होतं. कुणाच्या कामाचा, कुणाच्या स्वभावाचा यात काही संबंध नव्हता. कार्डावर जे लिहिलं होतं, त्याप्रमाणं टॉवेल टांगले गेले होते.

ड्वेन आपल्या बुटांकडे बघू लागला. एउलालियाला आधी हायसं वाटलं, नेरेइदा काही आपल्यापेक्षा सरस नव्हती. मग लगेच कळलं, की गेल्या चार आठवड्यांची शाबासकीही आपली नव्हती.

“मी बदलली,” ती म्हणाली.

मेरेडिथ रागावली नाही. कोणत्या तारखेला, एवढंच विचारून तिनं वहीत लिहून घेतलं. नेरेइदा उठली, घड्याळाशेजारी अजून तसाच असलेला आपला फोटो काढून आणला आणि एउलालियाच्या ताटाशेजारी ठेवला.

“तुम्हाला एवढा हवा होता तर मागायचा होतात. मी दिला असता.”

एवढ्या वर्षांत ती तिला पहिल्यांदाच तुम्ही म्हणाली. पुढं तेच राहिलं. एउलालियानं दोनदा माफी मागितली. नेरेइदा, झालं गेलं, म्हणाली आणि कामाला लागली.

ऑगस्टपासून सगळ्या मजल्यांवर ‘बहुतेक पाहुण्यांनी’वाली कार्डं लागली. दोघींच्या गाड्या सारख्याच हलक्या झाल्या. हिवाळ्यात नेरेइदा हॉटेल सोडून गेली. फीनिक्सच्या एका हॉटेलात तिला मुकादमीण केलं, ही बातमी लाँड्रीतल्या बाईनं आणली. एउलालिया चादरींची घडी घालत होती. चांगलं झालं, ती म्हणाली, आणि ते मनापासून होतं. दोन चादरी झाल्यावर तिच्यानं राहवेना.

“किती मजली आहे गं ते?”

“नऊ.”

तिनं पुढची चादर जरा जोरातच झटकली.