चुन्याचे सात चौकोन

माझ्या थोरल्या नणंदेइतकी हट्टी बाई अख्ख्या जालना जिल्ह्यात नसेल. माणसांशी तर त्या भांडतच, पण बेसूर वस्तूंशीही भांडत. आमच्याकडे नवीन जालन्यात मुक्कामाला आल्या, की कुकरची शिट्टी कणसूर वाजते म्हणून कुकरच बदलायला लावत. दारावरची घंटी तर त्यांनी स्वतः स्टुलावर चढून काढली. तेव्हापासून आमचे पाहुणे कडी वाजवतात.

धावड्याच्या अलीकडे एका खेड्यातल्या शाळेत वन्सं पहिलीला शिकवत. सूर शिकवायला शाळेत पेटी नव्हती, म्हणून त्यांनी वर्गाच्या फरशीवर चुन्यानं सात चौकोन आखले. पोरांनी लंगडी घालत जायचं आणि प्रत्येक चौकोनात त्याचा सूर लावायचा. "गंधार लागल्याबिगर दुसरा पाय टेकायचा न्हाई!" असा दंडक. त्यामुळे गंधाराच्या चौकोनात नेहमी कुणीतरी बगळ्यासारखं उभं असायचं. एक मेंढपाळाची लेक वर्गात चकार शब्द बोलत नसे. घरचे तिला शाळेतून काढायला निघाले होते. ती एके दिवशी अशीच डुगडुगत उभी राहिली आणि तिचा गंधार असा लख्ख लागला, की वन्संनी तिला कडेवर घेऊन गावभर मिरवलं. मग ती बोलायलाही लागली.

हेडमास्तरांना मात्र हा दंगा वाटे. "बाई, पाढे घ्या, पाढे!"

"पाढेच घेऊन राह्यले सर, पण सुरात." आणि सगळा वर्ग सातचा पाढा गात सातही सूर चढला नि उतरला.

शेवटी तक्रार गेली, शिक्षणखात्याचे साहेब आले. म्हणाले, "असले खेळ वर्गात चालणार नाहीत."

"बराबर हाय, साहेब," वन्सं म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून अख्खा वर्ग, फळ्यासकट, लिंबाखाली भरवला. हेडमास्तरांनी बदलीची धमकी दिली, तर म्हणाल्या, "करा. चुना सगळ्या गावात भेटतो."

बदली खरंच झाली, जाफराबादच्या पलीकडे. सामान न्यायला मी गेले होते. जीप निघताना ती मेंढपाळाची लेक खिडकीशी आली.

"बाई, तिथल्या लेकरायला पन शिकवताल का?"

"बिलकुल शिकवीन."

"मंग आमाला कोन?"

हेडमास्तरांना, साहेबांना, सगळ्यांना उत्तरं देऊन मोकळ्या झालेल्या वन्संनी तिच्या केसांवरून नुसता हात फिरवला आणि ड्रायव्हरला चल म्हणाल्या. पुढं रस्ताभर हॉर्न वाजत होता, चांगलाच बेसूर. पण त्या काही म्हणाल्या नाहीत.